काजळ्यानं ससा सोडला

मित्रांनो, मी आता फारसा कुणाच्या कामाचा उरलो नाही, म्हणून बोलायला सवड आहे. मी एक म्हातारा कारवान कुत्रा आहे. कंधारच्या रस्त्याला आमच्या फाट्यावर उतरलात आणि पांदीनं चालत आलात, की ग्यानोबाचं शेत लागतं. तिथं कडब्याच्या गंजीला टेकून एक हाडकुळा प्राणी बसलेला दिसेल, तो मीच. हाडकुळा म्हणून कीव करू नका. आमची जातच तशी आहे. लांब तोंड, खोल छाती आणि पाठीला लागलेलं पोट. पोटभर खाऊनही आम्ही उपाशीच दिसतो, आणि बोल लागतो तो भामाबाईला, म्हणजे ग्यानोबाच्या बायकोला. "कुत्र्याला काही घालत जा की, बाई," असं कुणी म्हटलं, की ती दिवसभर माझ्यावर फुगून बसते.

माझं नाव काजळ्या. रंग वाळल्या ज्वारीच्या धाटासारखा, पण डोळ्यांभोवती काळी कड आहे. ती बघून ग्यानोबाच्या लेकीनं, लुंबिनीनं, हे नाव ठेवलं. तेव्हा ती आठ-नऊ वर्षांची होती.

माझा जन्म नायगावकडचा. आम्ही सात भावंडं होतो. आमच्यात पिल्लू निवडायची एक जुनी रीत आहे. आईला बांधतात, पिल्लं उचलून लांब उन्हात नेऊन ठेवतात आणि मग आईला सोडतात. आई ज्याला पहिल्यांदा तोंडात धरून आणेल ते पिल्लू सगळ्यांत चांगलं, असं माणसं मानतात. माझ्या आईनं मला पाचव्या खेपेला उचललं. आता आईचा हिशेब आईला ठाऊक, कदाचित मी तिला सगळ्यांत लांब पडलो असेन. पण लोकांनी लगेच पहिल्या-दुसऱ्या पिल्लाभोवती गराडा घातला. मी आपला एका बाजूला मातीत बसलो.

ग्यानोबा त्या गराड्यात शिरला नाही. तो बाजूला उकिडवा बसला आणि त्यानं जीभ टाळूला लावून दोनदा 'टक् टक्' असा आवाज केला, अगदी हलका. मी मान वळवली आणि धडपडत त्याच्याकडं गेलो. त्यानं मला उचललं. बजरंग म्हणून त्याचा एक दोस्त आहे, नायगावचाच. तो हसून म्हणाला, "पाचवं कामून उचलून राहिला रे? पाय तरी बग की त्याचे."

"पाय समदेच बघतेत," ग्यानोबा म्हणाला. "मी कान बघतो."

ते वाक्य लक्षात ठेवा, मित्रांनो. पुढं ग्यानोबा स्वतःच ते विसरला.

दीड वर्ष त्यानं मला जिवापाड वाढवलं. भाकरी, ताक, कधी एखादं अंडं. रोज सकाळी माळावर पळवायचा आणि मी लांब गेलो, की तो 'टक् टक्' करायचा. आमचे कान लई तिखट असतात. मी जागच्या जागी वळायचो. त्याला त्याचा एवढा आनंद व्हायचा, की तो माझं तोंड दोन्ही हातांत धरून हलवायचा. लुंबिनी त्याला म्हणायची, "बाबा, माझे एवढे लाड नाही केले कधी."

मग माझी पहिली सोड ठरली. सोड म्हणजे काय ते सांगतो. चार-पाच माणसं आपापली कुत्री घेऊन माळावर जातात, ससा उठवतात आणि कुत्रं सोडतात. ससा मारणं हा कायद्यानं गुन्हा आहे, हे तेव्हाही सगळ्यांना माहीत होतं. पण बापजाद्यांपासून चालत आलंय म्हणायचं आणि जायचं, असं चाललं होतं. त्या एका सोडीवर नर कुत्र्याची अख्खी जिंदगी ठरते. ज्यानं ससा धरला, त्याच्याकडं गावोगावच्या लोकांच्या कुत्र्या येतात. त्याचे पैसे कुणी घेत नाही. वेत झालं, की नराच्या मालकानं जाऊन आपल्या पसंतीचं एक पिल्लू उचलायचं, एवढीच रीत. त्याला 'नराचं पिल्लू' म्हणतात. आणि ज्यानं ससा धरला नाही, त्याला कुणी विचारत नाही. एकदा पळून कुणाची पारख होते का? पण माणसांना घाई फार.

त्या दिवशी निघायच्या आधी घरात वंदना चालली होती. ग्यानोबाचं घर बौद्ध आहे. लुंबिनी नुकतीच पंचशील शिकली होती आणि मोठ्यानं म्हणत होती. म्हणून झाल्यावर ती बाहेर आली. ग्यानोबा माझ्या गळ्यात पट्टा घालत होता.

"बाबा, पहिल्या शीलात प्राण्याला मारणार नाही म्हणतात," ती म्हणाली. "मग ससा प्राणी नसतो का?"

ग्यानोबानं पट्टा आवळला, जरा जास्तच आवळला, आणि चालू लागला.

माळावर ससा उठला. मला सोडलं. काय सांगू तुम्हाला, त्या पळण्याइतकं सुख मला पुन्हा कशातच मिळालं नाही. ससा सरळ पळत नाही, तो मोठा गोल फेरा मारून पुन्हा आपल्या जागेकडं येतो. बजरंग आणि बाकीचे पलीकडच्या अंगाला "धर, धर" म्हणून ओरडत होते. ग्यानोबा अलीकडं बांधावर एकटा उभा होता. फेरा वळून त्याच्यासमोर आला, तेव्हा ससा माझ्या तोंडापासून हातभर लांब होता. त्याच्या कानांचा वास माझ्या नाकात होता.

आणि मला ऐकू आलं. टक् टक्.

मी थांबलो. पायाखालचे खडे उडाले, नखं सोलली, पण थांबलो आणि वळून ग्यानोबाच्या पायाशी जाऊन बसलो. ससा गेला. मला वाटलं, आता तो माझं तोंड दोन्ही हातांत धरेल.

माणसं धापा टाकत आली. "काय झालं? धरला व्हता की त्यानं," बजरंग म्हणाला. ग्यानोबाचा चेहरा उतरला होता. लेकीच्या एका प्रश्नानं आपलं मन फिरलं, हे त्या चार गड्यांसमोर सांगायची त्याला लाज वाटली. त्यानं माझ्याकडं न बघता सांगितलं, "काय की बाप्पा. कुत्र्यानंच कच खाल्ली."

मित्रांनो, माणसांची भाषा मला पुरी येत नाही, पण कच खाणं म्हणजे काय ते मला पुढं रोज ऐकून पाठ झालं. भित्रा काजळ्या. ससा सोडणारा काजळ्या. त्या दिवसापासून माझ्याकडं एकही कुत्री आली नाही. कंधारच्या बाजारात बजरंगनं गोष्ट सांगितली आणि ती मीठमसाला लावून तिकडं शिरूर अनंतपाळपर्यंत गेली. कुणी म्हणे मी सशाला बघून शेपूट घातली. कुणी म्हणे ससाच माझ्या मागं लागला होता. हसा, तुम्हीही हसा. आता मलाही थोडं हसू येतं.

ग्यानोबानं शिकार सोडली ती सोडलीच. पण कुणी बोलवायला आलं, की खरं कारण सांगायच्याऐवजी तो माझ्याकडं बोट दाखवायचा. "कशाला यायचं? आपलं कुत्रं भित्रं हाय." त्याचं शील माझ्या नावावर चालत होतं म्हणा ना. सहा वर्षं मी त्याची सबब होतो.

मला त्या नावाचं दुःख नव्हतं. दुःख होतं ते याचं, की तो माझ्या डोळ्यांत बघेनासा झाला. भाकरी टाकायचा ती लांबून. सकाळचं माळावर जाणं बंद झालं. रात्री रानडुकरं भुईमुगात शिरली, की मला सोडायचा, मी ती हाकलून यायचो आणि तो पुन्हा बांधायचा. टक् टक् तर त्यानं तोंडातून काढलंच नाही कधी. मी कान टवकारून बसायचो. पाखरू बोललं, भामाबाईनं चूल पेटवताना काडी मोडली, पाल चुकचुकली, की उठून उभा राहायचो. आपल्या हातून काय चुकलं, हे कुत्र्याला कोण सांगणार? मी स्वतःशीच ठरवलं होतं, की मी उशिरा थांबलो असणार. त्यापेक्षा लवकर थांबायला हवं होतं.

पुढं लुंबिनी शिकायला नांदेडला गेली आणि अंगणात माझ्याशी बोलणारंही कुणी उरलं नाही.

मग सहाव्या वर्षाची दिवाळी आली. सोयाबीन निघालं होतं, रान मोकळं झालं होतं. लुंबिनी सुट्टीला आली होती. एके दिवशी सकाळी बजरंगचा फोन आला, की शिरूर अनंतपाळकडून कोंडाबाई नावाची एक बाई आपली कुत्री घेऊन येते आहे, तिला माझा सुलतान बघायचाय, तुझं रान मोकळं आहे तर तिथंच दाखवतो. ग्यानोबा हो म्हणाला.

सुलतान म्हणजे बजरंगचा नर. परदेशी रक्ताची भेसळ, उंच, चकाकत्या अंगाचा, शर्यती जिंकलेला. त्याचे व्हिडिओ लोक मोबाईलवर बघतात. माझ्याकडं त्यानं एकदा बघितलं आणि जांभई दिली.

कोंडाबाई टेम्पोतून उतरली. साठीची, काटक, मेंढरं राखणारी बाई. नवरा वारल्यावर त्याची कुत्री तिनंच सांभाळली होती. बरोबर साळू नावाची कुत्री होती, करड्या रंगाची, शांत. साळू आली आणि सरळ माझ्या शेजारी येऊन उभी राहिली. इतक्या वर्षांत माझ्या जातीचं कुणी माझ्या इतक्या जवळ उभं राहिलं नव्हतं. मी हललोच नाही. हललो तर ती जाईल, अशी भीती वाटली.

कोंडाबाईनं सुलतानला हात लावून बघितलं आणि बजरंगला म्हणाली, "पळणारी कुत्री लई हायत, बाबा. मागल्या वेताला असाच पळणारा नर लावला व्हता. पाच पिल्लं झाली. दोन हरणामागं गेली ती आलीच न्हाईत. एक बिनकठड्याच्या हिरीत सापडलं. शिकार आम्ही कवाच सोडली, आता मेंढरामागं राखणीला पायजे. लांडगा हाकलून माघारी येणारं पायजे. साळूचं ह्ये शेवटचं वेत. माझ्या मालकाच्या कुत्र्यांतली ही एकच उरली हाय. मला हाकेला वळणारा नर दाखव."

"सुलतान वळतो की," बजरंग म्हणाला.

तिचं लक्ष साळूकडं गेलं आणि साळूमुळं माझ्याकडं. ती माझ्यापुढं बसली. ओठ उचलून दात बघितले, पायाच्या गाद्या दाबल्या, छाती वितीनं मोजली, बरगडीला कान लावला. सहा वर्षांत मला एवढा वेळ कुणी हात लावला नव्हता. "ह्यो कुणाचा?" तिनं विचारलं.

"ते नका बघू, मावशी," बजरंग हसला. "ह्योच तो. हातभर अंतरावरनं ससा सोडलेला."

कोंडाबाईनं ग्यानोबाकडं मान वळवली. "खरं हाय का, भाऊ? कच खाल्ली ह्यानं?"

लुंबिनी माझ्यासाठी पाण्याचं घमेलं घेऊन आली होती. तीही थांबली. ग्यानोबा पायाच्या अंगठ्यानं माती उकरत होता. मी त्याच्या तोंडाकडं बघत होतो. मला त्याच्याकडून फार काही नको होतं.

"हाव," तो म्हणाला.

कोंडाबाई गुडघ्यावर हात टेकून उठली. तिनं साळूची दोरी ओढली. साळू दोन पावलं गेली आणि वळून बघू लागली. संपलं, मी मनात म्हटलं. लुंबिनीनं मला पाणी प्यायला सोडलं, पण मी साळूकडंच बघत उभा राहिलो.

तेवढ्यात तुरीच्या कडेनं ससा उठला.

कुणी उठवला नाही, आपला तोच उठला. सुलताननं बजरंगच्या हाताला हिसका दिला आणि सुटला. आणि मीही सुटलो. का, ते विचारू नका. पाय माझे असले तरी ते आजा-पणज्यांनी दिलेले आहेत. सुलतान माझ्यापुढं चार कासरे होता. काय पळत होता तो, खोटं कशाला बोलू. बजरंग गळा फाडून हाका मारत होता, "सुलतान, ये, सुलतान!" पण त्या कानांत वाऱ्याशिवाय काही शिरत नव्हतं. सशानं झटकन वळण घेतलं. सुलतानला ते जमलं नाही, तो सरळ पुढं ढेकळांत गेला, कोलमडला. मला मात्र ती जमीन पाठ होती. मी आतून वळलो आणि ससा माझ्यापुढं आला. फेरा वळत वळत सगळ्यांच्या समोर, बांधाकडं.

आता नीट ऐका, मित्रांनो. त्या क्षणी ग्यानोबा गप्प बसला असता, तर मी ससा धरला असता. माझं नाव धुऊन निघालं असतं, आणि त्याचं खोटं कायमचं झाकलं गेलं असतं. दोघांचं भागलं असतं. मेला असता तो ससा. आणि हाक मारली असती, तर बजरंग शेजारीच उभा होता. त्याला सगळं कळलं असतं.

हातभर अंतर उरलं होतं. तोच वास, तोच बांध.

टक् टक्.

सहा वर्षांनी ऐकला तो आवाज. मी थांबलो. नखं पुन्हा सोलली. मी वळलो आणि ग्यानोबाच्या पायाशी जाऊन बसलो, आणि या वेळी लवकर थांबलो का, ते कळावं म्हणून वर बघितलं.

बजरंगचं तोंड उघडंच राहिलं होतं. तो एकदा माझ्याकडं बघायचा, एकदा ग्यानोबाकडं. "ग्यानोबा," तो हळू म्हणाला, "म्हंजे तवा बी..."

"हाव. तवा बी म्याच हाक मारली व्हती." ग्यानोबा खाली बसला. "लेकीनं सकाळी इचारलं व्हतं, ससा प्राणी नसतो का. मन धजंना माझं. तुम्ही हसताल म्हणून कुत्र्याचं नाव घेतलं. माझी लाज मी ह्याच्या गळ्यात बांधली. सहा वर्षं बांधून ठेवली."

लुंबिनीला तर तो प्रश्न आठवतही नव्हता. ती येऊन बापाला लागून बसली.

"येड्या," बजरंग म्हणाला, "आम्ही काय तुला खाल्लं असतं का? दोन दिवस हसलो असतो, तिसऱ्या दिवशी इसरलो असतो." आणि तो सुलतानला शोधायला ढेकळांत गेला. सुलतान तासाभरानं लंगडत आला. त्याच्याशी माझं वैर नाही. त्याला कुणी कान दिलेच नव्हते.

कोंडाबाईनं साळूची दोरी माझ्या शेजारच्या खुंट्याला बांधली. "मला ह्योच पायजे," ती म्हणाली. "भरल्या धावेत वळतो, ह्याच्याहून मोठं काळीज कुठं बघू?"

साळू तीन दिवस आमच्या रानात राहिली. कितीतरी वर्षांनी ते तीन दिवस मी एकटा नव्हतो. मग टेम्पो आला आणि ती गेली. मागून खबर आली, की सहा पिल्लं झाली. बाप झालो, पण पिल्लं बघायला बापाला कुणी नेत नाही, अशी नर कुत्र्याची रीत. ग्यानोबा मात्र नराचं पिल्लू आणायला गेला. सगळी पिल्लं दुधावर तुटून पडली होती म्हणे. त्यानं 'टक् टक्' केलं. एकीनं दूध सोडून मान वळवली. तीच आणली. गव्हाळी तिचं नाव, तेही लुंबिनीनंच ठेवलं. बाकीची पाच कोंडाबाईच्या मेंढरांमागं आहेत. हाकेला येतात, असं तिनं फोनवर सांगितलं होतं. मी त्यांना कधी पाहिलं नाही.

या गोष्टीला आता तीन वर्षं झाली. ग्यानोबा रोज संध्याकाळी माझ्याजवळ येऊन बसतो. दोन वर्षं नुसताच बसायचा, आता माझं तोंड दोन्ही हातांत धरतो आणि बोलतो, खूप बोलतो. कधी बोलता बोलता डोळे पुसतो. सहा वर्षांचं साचलेलं असणार. पण मित्रांनो, मागच्या उन्हाळ्यात माझे कान गेले. भामाबाईची काडी मोडलेली कळत नाही, आणि फाट्यावरच्या मोटारीचा भोंगाही कळत नाही. त्याचे ओठ हलताना मी बघतो. काय म्हणतो, ते मला कळत नाही.

म्हणून तुम्हाला एवढंच सांगतो. आपली लाज मुक्या जिवाच्या गळ्यात बांधू नका, तो ती सोडून ठेवू शकत नाही. आणि कुणाला काही सांगायचं राहिलं असेल, तर त्याचे कान शाबूत आहेत तोवर सांगा.

सकाळी आम्ही तिघं माळावर जातो. गव्हाळी पार लांब पळत जाते आणि मी मागून रखडत चालतो. मग ती एकाएकी थांबते, वळते आणि बांधाकडं धावत सुटते. तेव्हा मला कळतं, ग्यानोबानं हाक मारली. मग मीही वळतो.